गांव तेंच, रेषा निराळी

गेल्या सत्रांत भूगोलाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें मला प्रश्न विचारला. तो वळसंगचा राहणारा. सोलापूर शहराच्या लोकसंख्येचे आंकडे त्यानें निरनिराळ्या पुस्तकांतून उतरून आणले होते, आणि त्यांचा मेळ कांहीं केल्या बसत नव्हता. १९८१ सालीं शहरांत सुमारें ५ लक्ष ११ हजार माणसें होतीं. १९९१ सालीं तीं ६ लक्ष ४ हजार झालीं. २००१ सालीं एकदम ८ लक्ष ७२ हजार. आणि २०११ सालीं आंकडा ९ लक्ष ५१ हजारांवरच राहिला. "सर," तो म्हणाला, "पहिल्या दहा वर्षांत वाढ शेंकडा अठरा, नंतरच्या दहांत शेंकडा चव्वेचाळीस, आणि त्यापुढें अवघी नऊ. मधल्या दहा वर्षांत असें झालें तरी काय? आजोबा तर सांगतात कीं, त्या सुमारास गिरण्या बंद पडत होत्या."

प्रश्न मार्मिक होता. आणि ज्यानें तो विचारला त्यास गुण द्यावे तितके थोडेच. त्याचें उत्तर असें कीं, त्या दहा वर्षांत सोलापूरचीं माणसें वाढलीं त्याहून अधिक सोलापूरची रेषा वाढली. ५ मे १९९२ रोजीं महानगरपालिकेची हद्द वाढविण्यांत आली. बाळें, केगांव, शेळगी, देगांव, सोरेगांव, कुमठे, मजरेवाडी इत्यादि भोंवतालचीं गांवें शहरांत आलीं, आणि शहराचें क्षेत्रफळ पूर्वीच्या पांचपटींहून अधिक होऊन सुमारें १७८ चौरस किलोमीटर झालें. त्या गांवांतील शेतकरी आदल्या रात्रीं जेथें निजला तेथेंच दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठला. त्याची विहीर, त्याचा गोठा, त्याचें घर, कांहींच हललें नव्हतें. परंतु तो ग्रामीण लोकसंख्येंतून निघून नागरी लोकसंख्येंत दाखल झाला होता. पुढील शिरगणतींत एका बाजूस शहर फुगलें आणि दुसऱ्या बाजूस तालुक्याचा ग्रामीण आंकडा आटला. सोलापुरांत आजही 'हद्दवाढ भाग' हा शब्द लहान मुलाच्याही तोंडीं आहे. मात्र तो शब्द लोकसंख्येच्या कोष्टकांत कोठेंच छापलेला नसतो, आणि तेथेंच वाचकाची फसगत होते.

कोणताही सरकारी आंकडा घ्या, लोकसंख्येचा, पावसाचा, पिकाचा, साक्षरतेचा. त्याच्या मागें एक न दिसणारी रेषा असते. पूर्वीं बाजाराबाजारांत पायली निराळी असे. अमक्याच्या घरीं दहा पायल्या ज्वारी झाली आणि तमक्याच्या घरीं बारा, एवढ्यावरून बाराचा धनी सुखी म्हणतां येत नसे. पायली कोणत्या बाजारची, हें आधीं विचारावें लागे. आंकड्यांच्या बाबतींत सीमा ही ती पायली होय. ती बदलली कीं आंतील ज्वारी तेवढीच असूनही मोजणी बदलते. या रेषा कोण ओढतो, त्या कां बदलतात, आणि बदलल्यावर जुन्या व नव्या आंकड्यांची सांगड कशी घालतात, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्यांचें पोट कोरडवाहू शेतीवर आहे अशा पालकांस तो रुक्ष वाटूं नये, याचें कारण पुढें येईलच.

प्रथम आपल्याच जिल्ह्याकडे पाहूं. सोलापूर जिल्हा नकाशांत आज जसा दिसतो तसाच तो प्रथमपासून आहे, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. १८३८ सालीं सोलापूर हा अहमदनगरचा पोटजिल्हा म्हणून अस्तित्वांत आला. त्यांत बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा यांच्या जोडीला इंडी, हिप्परगी व मुद्देबिहाळ हे भाग होते. हे शेवटचे तीन आज कर्नाटकांत आहेत. १८६४ सालीं हा पोटजिल्हा मोडण्यांत आला. १८७१ सालीं जिल्हा पुन्हा उभा राहिला, तो सोलापूर, बार्शी, मोहोळ, माढा व करमाळा हे तालुके आणि सातारा जिल्ह्यांतून आणलेले पंढरपूर व सांगोला मिळून. माळशिरस त्यांत १८७५ सालीं जोडण्यांत आला. म्हणजे १८७२ सालच्या खानेसुमारीच्या वेळीं माळशिरस या जिल्ह्यांत नव्हता आणि १८८१ सालच्या वेळीं होता. या दोन सालांच्या मध्यें १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडून गेला. त्या दुष्काळांत जिल्ह्याचीं किती माणसें कमी झालीं हें ज्यास शोधावयाचें असेल, त्यानें माळशिरसचा हिशेब आधीं सोडविला नाहीं तर एका तालुक्याचे जिवंत लोक त्याच्या बेरजेंत शिरून मेलेल्यांची संख्या झांकून टाकतील.

वळसंगहून अक्कलकोटकडे जाणारा रस्ता आपणांपैकीं पुष्कळांच्या पायांखालचा आहे. १९४८ सालापूर्वीं त्या रस्त्यानें पुढें गेलें म्हणजे माणूस इंग्रजी मुलखांतून संस्थानी मुलखांत जात असे. अक्कलकोट हें निराळें संस्थान होतें. १९०१ सालीं त्याचें क्षेत्रफळ ४९८ चौरस मैल व लोकसंख्या ८२,०४७ होती, आणि ती सोलापूर जिल्ह्याच्या ७,२०,९७७ या आंकड्यांत धरलेली नसे. मंगळवेढें सांगली संस्थानाकडे होतें. १९४८ सालीं हीं संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं व अक्कलकोट आणि मंगळवेढें हे सोलापूरचे तालुके झाले. निजामाच्या राज्यांतील कांहीं गांवें इंग्रजी मुलखाच्या पोटांत आणि इंग्रजी अंमलांतील कांहीं गांवें निजामाच्या पोटांत, अशी जी खिचडी चालली होती, तीही जानेवारी १९५० मध्यें एका हुकुमान्वयें अदलाबदल करून निस्तरण्यांत आली. मूळच्या सोलापूर तालुक्याचे पुढें उत्तर व दक्षिण असे दोन तालुके झाले आणि आपलें वळसंग दक्षिण सोलापुरांत आलें. आतां १९४१ व १९५१ या दोन सालांचे जिल्ह्याचे आंकडे मूळ पुस्तकांतून जसेच्या तसे उचलून शेजारीं शेजारीं मांडले, तर वाढ म्हणून जें दिसेल त्यांत पाळण्यांतलीं मुलें किती आणि संस्थानांतून कागदावर चालत आलेलीं माणसें किती, हें सांगतां येणार नाहीं.

राज्याची कथाही अशीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाड्याचे पांच जिल्हे हैद्राबाद राज्यांतून मुंबई राज्यांत आले आणि विजापूर, धारवाड, उत्तर कानडा व चंदगड तालुका वगळून बेळगांव हे जिल्हे म्हैसूरकडे गेले. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र जन्मास आला तेव्हां त्यांत २६ जिल्हे होते. आज ३६ आहेत. वाढलेले दहाही जिल्हे जुन्याच जिल्ह्यांच्या अंगांतून निघाले. रत्नागिरींतून सिंधुदुर्ग, औरंगाबादेंतून मुख्यतः जालना, उस्मानाबादेंतून लातूर, चंद्रपुरांतून गडचिरोली, आणि असेच पुढें. यांतील शेवटचा पालघर. तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून निघाला. (नांवें बदलतात ती गोष्ट वेगळी. उस्मानाबादचें धाराशिव झालें, अहमदनगरचें अहिल्यानगर झालें, म्हणून रेषा हलली असें नव्हे. परंतु कोष्टक चाळणाऱ्यास नांव सांपडेनासें होतें, एवढा त्रास खराच.)

पालघरचें उदाहरण जरा निवांत पाहण्याजोगें आहे, कारण जुन्या-नव्याची सांगड कशी घालतात तें त्यांत स्वच्छ दिसतें. २०११ च्या जनगणनेंत ठाणें हा साऱ्या भारतांत सर्वांत अधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, लोकसंख्या १,१०,६०,१४८. त्या वेळीं पालघर नांवाचा जिल्हाच नव्हता. तरीही आज सरकारी पुस्तकांत '२०११ सालची पालघर जिल्ह्याची लोकसंख्या २९,९०,११६' असें छापलेलें असतें. जो जिल्हा २०१४ सालीं जन्मला त्याचीं माणसें २०११ सालीं कोणी मोजलीं? कोणीं नव्यानें मोजलीं नाहींत. जुन्याच मोजणींतील वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड व पालघर या आठ तालुक्यांतील गांवें व शहरें वेचून त्यांची बेरीज केली. उरलेल्या ठाण्याची बेरीज ८०,७०,०३२ आली. या दोन संख्यांची बेरीज विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावी. ती मूळच्या आंकड्याशीं एका माणसाच्याही फरकाशिवाय जुळते.

हें जमतें याचें कारण गांव. गांव ही या सर्व इमारतीची वीट आहे. भिंती पाडून नव्या बांधल्या तरी विटा शाबूत असतील तर हिशेब लागतो. आणि आपल्याकडील गांवाची शीव हा कांहीं कालचा प्रकार नव्हे. मुंबई इलाख्यांतील शेतजमिनीची जी पद्धतशीर मोजणी गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५ च्या सुमारास सुरू केली, ती आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यांतच प्रथम झाली. त्या पद्धतीनें शेतास नंबर पडले, बांधाच्या खुणा झाल्या, शिवेचे दगड पक्के झाले. जनगणनेचें खातें ज्यास खेडें म्हणतें तें म्हणजे हेंच महसुली गांव. वाड्या, वस्त्या, तांडे सर्व त्याच्या पोटांत. म्हणून तालुका बदलला, जिल्हा बदलला, राज्य बदललें, तरी वळसंगचा आंकडा वळसंगचाच राहतो. जनगणनेच्या पुस्तकांत १९०१ पासून आजपर्यंतच्या लोकसंख्येचें जें कोष्टक असतें तें असेंच, आजच्या सीमेंतील गांवांची जुनी बेरीज करून सिद्ध केलेलें असतें. त्यामुळें त्यांतील १९०१ चा सोलापूरचा आंकडा आणि इंग्रजी अमदानींतील जुन्या पुस्तकांतील आंकडा हे एक नसतात. दोन्ही खरे असतात.

मात्र वीटच फुटली तर? शहराची हद्द पुष्कळदां गांवाच्या मधूनच जाते. निम्मा शिवार शहरांत, निम्मा बाहेर. एका गावाचीं दोन होतात. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, तेव्हां भीमाकांठचीं कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं व त्यांचीं गांवठाणें अन्यत्र वसलीं. नांव तेंच, जागा दुसरी. अशा ठिकाणीं बेरीज चालत नाहीं, अंदाज करावा लागतो. फुटलेल्या गांवाचा तिसरा हिस्सा जमीन पलीकडे गेली तर लोकसंख्येचा तिसरा हिस्साही पलीकडे गेला असें धरून चालण्याची एक रीत आहे. ती सोपी आहे, आणि सोप्या रीतींत जो दोष असावयाचा तो तिच्यांत आहे. माणसें शिवारभर सारखीं पेरलेलीं नसतात. तीं गांवठाणांत दाटलेलीं असतात. म्हणून कसलेला गणिती आधीं घरें कोठें आहेत तें पाहतो आणि मगच वांटणी करतो.

येथवर बेरजेची गोष्ट झाली. बेरजेंत सीमा बदलल्यानें होणारा घोंटाळा थोड्या कष्टानें सुटतो. परंतु सरासरीची गोष्ट निराळी. तेथें रेषा कोठें ओढली यावर कोणाच्या ताटांत काय पडेल हें अवलंबून असतें.

उत्तर सोलापूर तालुका घ्या. २०११ सालीं त्याची लोकसंख्या दहा लक्षांहून अधिक होती. परंतु त्यांतील ९,५१,५५८ माणसें एकट्या सोलापूर शहराचीं. या तालुक्याची साक्षरता, दवाखाने, नळपाणी यांची सरासरी काढली तर ती प्रायः शहराची सरासरी असते. तालुक्यांतील कोरडवाहू खेड्यांचा आवाज तींत ऐकूंच येत नाहीं. दक्षिण सोलापूरचें कार्यालय सोलापुरांतच असलें तरी शहराच्या आंकड्याचा भार तिच्या सरासरीवर नाहीं, म्हणून तेथील खेडीं निदान खेड्यांसारखीं दिसतात.

याहून मोठी रेषा पाहूं. देशांतील कुटुंबांच्या खर्चाची, रोजगाराची व राहणीची पाहणी १९५० सालापासून राष्ट्रीय नमुना पाहणी म्हणून चालत आली आहे. तीसाठीं महाराष्ट्राचे सहा विभाग कल्पिलेले आहेत. सोलापूर ज्या विभागांत पडतें त्यांत पुणें, अहिल्यानगर, सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे आहेत. पुण्याचे कारखाने, कोल्हापूरचा ऊस व सांगोल्याचें माळरान यांची एकच सरासरी! वर्षानुवर्षें या सरासरीवरून जो कोणी आपल्या भागाचें दारिद्र्य मोजावयास गेला त्यास पुण्याच्या संपत्तीचा वांटा आपल्या खिशांत असल्याचें आढळून आलें असेल. जानेवारी २०२५ पासून या पाहणींत जिल्हा हाच मूळ घटक धरण्याची पद्धत सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट होय. हवामानखात्याचा प्रकारही मासलेवाईक आहे. त्या खात्यानें देशाचे ३६ उपविभाग पाडले असून त्यांतील 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागांत सोलापूर आणि महाबळेश्वर हीं दोन्ही येतात. एकीकडे वर्षाला पांचसातशें मिलिमीटर, दुसरीकडे पांच हजारांहून अधिक. 'मध्य महाराष्ट्रांत सरासरीइतका पाऊस' हें वाक्य वर्तमानपत्रांत वाचून वळसंगच्या शेतकऱ्यानें आभाळाकडे पाहिलें तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

आतां मघाशीं ज्याचें वचन दिलें तें कोरडवाहू शेतीचें कारण. तालुका व गांव यांच्या मध्यें एक घटक आहे, महसूल मंडळ. कांहीं गांवांचा मिळून एक पुंजका. त्यावर एक मंडळ अधिकारी. वळसंग हें असेंच एका मंडळाचें ठाणें आहे. पूर्वीं मंडळाचें नांव फारसें कोणी घेत नसे. आज पीकविमा मंडळावर ठरतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला तर 'अतिवृष्टि' समजतात, तीही मंडळाच्या पर्जन्यमापकावरून. राज्यांत यासाठीं दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें बसविण्यांत आलीं आहेत.

२०२३ च्या पावसाळ्यानें या घटकाचें महत्त्व सर्वांच्या ध्यानांत आणून दिलें. त्या वर्षीं ३१ ऑक्टोबर रोजीं शासनानें राज्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा व माढा हे पांच तालुके त्यांत आले. बाकीचे सहा राहिले. बाहेर राहिलेल्या तालुक्यांतून ओरड झाली, आणि ती खोटी नव्हती. तालुक्याची सरासरी बरी असली तरी तिच्या पोटांत एखादें मंडळ पार कोरडें असूं शकतें. तेव्हां नोव्हेंबरांत शासनानें दुसरी मोजपट्टी घेतली. ज्या महसूल मंडळांत जून ते सप्टेंबर या काळांत सरासरीच्या शेंकडा ७५ हून कमी व एकूण ७५० मिलिमीटरांहून कमी पाऊस झाला, त्या त्या मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिति जाहीर झाली. पाऊस तोच, पीक तेंच, पंधरवडाही पुरा उलटला नव्हता. बदलली ती मोजण्याची चौकट, आणि तेवढ्यानें राज्यांतील शेंकडों मंडळें जमीन महसुलांत सूट, वीजबिलांत सवलत, परीक्षाशुल्कांत माफी यांस पात्र झालीं. परीक्षाशुल्क म्हटल्यावर तरी विद्यार्थ्यांचे कान टवकारावेत!

लहान घटक म्हणजे नेहमीच न्याय, असें मात्र कोणी समजूं नये. एक काल्पनिक उदाहरण देतों. क, ख, ग, घ अशीं चार गांवें आहेत, चौघांचा पेरा सारखा. ज्वारीचें हेक्टरी उत्पन्न क मध्यें १२ क्विंटल, ख व ग मध्यें ६, आणि घ मध्यें ४. सरासरी ८ क्विंटलांच्या खालीं गेली तर भरपाई मिळावयाची. चारी गांवें एका मंडळांत असतील तर सरासरी ७ पडते व सर्वांस भरपाई मिळते, भरघोस पिकलेल्या क ससुद्धां. मंडळाचे दोन तुकडे करून क व ख एकीकडे टाकले तर त्यांची सरासरी ९ होते आणि ख रिकाम्या हातानें परततो. ग व घ यांची ५, त्यांस मिळते. त्याऐवजीं क च्या जोडीला घ दिला तर त्यांची सरासरी बरोबर ८. म्हणजे सर्वांत कमी पिकलेला घ च उपाशी, आणि ख व ग भरपाईचे धनी. चारी गांवांच्या शेतांत एक कणीसही कमीअधिक झालेलें नाहीं. ज्यानें पेन्सिलीनें रेषा ओढली त्यानें निकाल दिला, त्याच्या मनांत तसें कांहीं नसलें तरी. विद्यार्थ्यांनीं हीं गणितें पाटीवर करून पाहावींत. व्याजाच्या हिशेबांहून कठीण नाहींत.

शिवाय नव्या मंडळास मागचा इतिहास नसतो. 'सरासरीच्या शेंकडा ७५' म्हणतांना सरासरी कोणती? मंडळ कालचें आणि सरासरी कित्येक वर्षांची. म्हणून मूळ मंडळाचेच जुने आंकडे उसने घ्यावे लागतात, आणि मापक मूळ ठाण्यावर असेल तर नव्या मंडळाचा पाऊस शेजाऱ्याच्या अंगणांत मोजला जातो. आणखी असें कीं, नदी मंडळ ओळखत नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें सीनेला महापूर आला तेव्हां आपल्या जिल्ह्यांतील नदीकांठचीं शेतें बुडालीं तीं कांहीं केवळ आपल्याच पावसानें नव्हे. वरच्या अहिल्यानगर व धाराशिव जिल्ह्यांतलें पाणी खालीं आलें होतें. येथें ६५ मिलिमीटरांची कसोटी एकटी पुरी पडणार नाहीं, हें उघड आहे.

हा प्रश्न केवळ आपला नव्हे. युरोपांतील राष्ट्रसंघानें आपल्या सांख्यिकीसाठीं सर्व सभासद देशांचे विभाग ठरवून दिले आहेत. ज्या विभागाचें दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या शेंकडा ७५ हून कमी, त्यास अधिक मदत. पोलंड देशांत वॉर्सा राजधानी ज्या प्रांतांत आहे तो प्रांत राजधानीच्या श्रीमंतीमुळें श्रीमंत ठरूं लागला, व भोंवतालच्या गरीब खेड्यांची मदत धोक्यांत आली. तेव्हां वॉर्सा व तिचा परिसर हा एक आणि उरलेला प्रांत हा दुसरा, असे दोन सांख्यिकी विभाग करण्यांत आले. हंगेरीनें बुडापेस्टच्या बाबतींत तेंच केलें. हे विभाग २०१८ च्या आरंभापासून लागू झाले. राज्यकारभाराची सीमा तेथें हललीच नाहीं. हलली ती केवळ आंकडे मोजण्याची. यांत लबाडी आहे काय? माझ्या मतें नाहीं. गरिबाला गरीब म्हणून दिसूं देणें हें आंकड्याचें कामच आहे. परंतु मदतीच्या दिवशींच रेषा हलविण्याची संवय लागली तर आंकड्यावर कोणाचा विश्वास राहणार नाहीं. म्हणूनच त्या संघानें असाही नियम घातला आहे कीं, विभाग वरचेवर बदलावयाचे नाहींत, तीन वर्षांचें अंतर तरी ठेवावयाचें, आणि ज्यानें रेषा बदलली त्यानें मागील वर्षांचे आंकडेही नव्या रेषेप्रमाणें काढून द्यावयाचे. हा दुसरा नियम मला फार आवडतो. आपल्याकडे हद्दवाढ झाली कीं ठराव छापला जातो. मागचे आंकडे मात्र कोणी तरी पुढें कधीं तरी सुधारील अशा भरंवशावर राहतात.

घटकाची निवड हा किती जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, हें सीमाभागांतील लोकांस सांगावयास नको. वळसंगच्या बाजारांत मराठी व कानडी दोन्ही भाषा कानीं पडतात. भाषेचे आंकडे तेच असतात, पण जिल्हा घटक धरला तर एक उत्तर येतें, तालुका धरला तर दुसरें, गांव धरलें तर तिसरें. आंध्र व मद्रास यांच्या वादांत पाटसकर यांनीं गांव हा घटक धरला, आणि महाराष्ट्राची बेळगांवबाबतची मागणी त्याच तत्त्वावर उभी राहिली. तो वाद अद्याप सर्वोच्च न्यायालयापुढें आहे, म्हणून त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

मग सीमा एकदांच ठरवून कायमच्या कां ठेवूं नयेत, असें कोणी विचारील. तसें केलें तर आंकडे एकमेकांशीं जुळतील, पण जगाशीं जुळणार नाहींत. बाळें व शेळगी येथें चाळी व कारखाने उभे राहिल्यावरही त्यांस खेडीं म्हणत राहणें हें एक प्रकारचें असत्यच झालें असतें. म्हणून मधला मार्ग असा काढलेला आहे कीं, सीमा बदलाव्यात, मात्र मोजणी चालू असतां बदलूं नयेत. प्रत्येक जनगणनेपूर्वीं शासन एक तारीख ठरवितें. त्या तारखेनंतर मोजणी पुरी होईपर्यंत जिल्हा, तालुका, शहर, गांव यांची कोणतीही हद्द हलवावयाची नाहीं. २०२१ ची जनगणना लांबली, आणि तिच्यासाठीं गोठविलेल्या सीमांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. पुढील जनगणनेसाठीं १ मार्च २०२७ ही संदर्भतिथि जाहीर झाली असून सीमांतील बदल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच करावेत असें राज्यांस कळविण्यांत आलें होतें. २०११ नंतर ज्या ज्या रेषा हलल्या त्या सर्वांचा हिशेब या एकाच मोजणींत प्रथम उमटणार आहे. पालघर जिल्ह्याचीं माणसें पालघर जिल्ह्याचीं म्हणून प्रथमच मोजलीं जातील.

गणक दारीं येईल तेव्हां त्याच्याजवळ आपल्या गटाचा नकाशा असेल. ज्यांचीं घरें गांवठाणापासून दूर वस्तीवर, दोन गांवांच्या शिवेलगत आहेत, अशा पालकांनीं आपलें घर कोणत्या गांवांत धरलें आहे हें त्यास अवश्य विचारावें. शिवेवरचें घर दोघेही गणक दुसऱ्याचें समजून सोडून देतात, किंवा दोघेही मोजतात.

त्या वळसंगच्या विद्यार्थ्यानें आपल्या वहींत सोलापूर शहराच्या कोष्टकाला पुढें एक नवा रकाना जोडला. त्याच्या मथळ्यावर त्यानें 'हद्द' असें लिहिलें, आणि १९९१ व २००१ या दोन सालांच्या मध्यें तांबड्या शाईनें एक आडवी रेघ मारून शेजारीं टिपलें : 'येथें शहर बदललें. ५ मे १९९२.'